कशाचा नेम नाही

गोल्फ क्लबच्या अपघात नोंदवहीत गेल्या कित्येक वर्षांत एकच नोंद होती, आणि ती सूप गार असल्याची होती.

माझं उभं आयुष्य एका रासायनिक कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून गेलं. कोरी नोंदवही दिसली की आमच्या जमातीच्या पोटात गोळा येतो. वही कोरी राहायची दोनच कारणं आम्हाला ठाऊक : एक तर कारखाना बंद आहे, नाहीतर वही लिहिणाराच सापडेनासा झाला आहे. मी सेक्रेटरीसाहेबांना विचारलं, "इतक्या वर्षांत इथे कुणाला काहीच लागलं नाही?"

"लागलं की! कॅडींना लागतं, माळ्यांना लागतं. त्याची काय नोंद ठेवायची? आणि सभासदाला लागलं तर ते आपसात मिटतं. ज्याचा चेंडू, त्याची बिअर."

"मग आत्ताच सुरक्षितता कशी काय आठवली?"

सेक्रेटरीसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अध्यक्षांची गाडी."

अध्यक्षांची गाडी इतकी नवी होती की बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिकही पुसलं गेलं नव्हतं. नवव्या होलच्या दिशेने निघालेल्या एका चेंडूने वाटेत विचार बदलला, तो पोर्चकडे वळला, पुढची काच फोडून आत शिरला आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसला. (सीटबेल्ट न लावता. ही नोंद मी सवयीने केली.) माळ्याच्या खांद्याचं हाड मोडलं तेव्हा नुसतं 'अरेरे' झालं होतं. काच फुटल्यावर तातडीची बैठक झाली आणि 'मैदानावरील जोखमींचे मूल्यांकन व व्यवस्थापन' असा ठराव एकमताने मंजूर झाला. हे काम कुणी करायचं, यावर कर्नलसाहेबांनी माझं नाव सुचवलं. ते सकाळी माझ्याबरोबर फिरायला येतात, त्यामुळे मी निवृत्त आहे, घरी कंटाळलो आहे आणि पैसे मागणार नाही, या तिन्ही गोष्टी त्यांना माहीत होत्या.

"तुम्ही आयुष्यभर ॲसिडच्या टाक्यांमधून हिंडलात," बायको म्हणाली, "आता गवतावर काय होणार आहे तुम्हाला?"

लांबून बघणाऱ्याला गोल्फबद्दल असंच वाटतं. पांढऱ्या बुटातली पोटं सुटलेली माणसं हिरवळीवरून सावकाश चालतायत, अधूनमधून थांबून काठी फिरवतायत, मग हरवलेलं काहीतरी शोधतायत. यात धोका तो कसला? पण नियमाप्रमाणे गोल्फच्या चेंडूचं वजन ४५.९३ ग्रॅमपर्यंत असू शकतं आणि त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे मूठभर, टणक, गोल ऐवज. चांगल्या खेळाडूच्या 'ड्रायव्हर' नावाच्या काठीवरून तो निघतो तेव्हा ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे असतो. आमच्या कारखान्यात या वेगाने फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला जाळीचा पिंजरा असायचा, पिंजऱ्याला कुलूप असायचं आणि पिंजरा उघडला की यंत्र आपोआप बंद पडायचं. इथे ती वस्तू मोकळ्या हवेत सोडून देतात, आणि सोडणारा माणूस सोमवार ते शुक्रवार लोकांचे आयकराचे फॉर्म भरत असतो. क्रिकेटच्या बॅट्समनला हेल्मेट असतं, पॅड असतात, शिवाय चारचौघांत नाव न घेण्याजोगंही एक संरक्षण असतं. गोल्फरला एका हाताचा मोजा असतो, आणि तोही हात वाचावा म्हणून नव्हे, काठी सटकू नये म्हणून.

पहिल्या बैठकीत मी आमच्या शास्त्रातल्या पाच पायऱ्या समजावून सांगितल्या. पहिली पायरी सगळ्यात परिणामकारक : धोका मुळापासून काढून टाकायचा.

"उत्तम!" अध्यक्ष म्हणाले. "मग काढा. धोका नेमका काय आहे?"

"फटका मारणारा सभासद."

यावर थोडा वेळ चहाच्या कपांचाच आवाज येत राहिला. मी म्हणालो की याला आपल्याच राज्यात उदाहरण आहे. नाशिकला गोल्फ क्लब मैदान म्हणून प्रसिद्ध मैदान आहे. कागदोपत्री त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, लोक सकाळ-संध्याकाळ चालतात, योगासनं करतात. नावात गोल्फ आहे आणि मैदानात गोल्फर नाही. गोल्फच्या चेंडूने जखमी होण्याची शक्यता शून्य. महाराष्ट्रातलं मला सगळ्यात सुरक्षित वाटलेलं गोल्फचं ठिकाण ते हेच.

हा मुद्दा इतिवृत्तात आला नाही.

दुसरी पायरी, घातक वस्तूच्या जागी सौम्य वस्तू वापरायची. म्हणजे स्पंजचा चेंडू. कर्नलसाहेब म्हणाले, "मग त्यापेक्षा मी घरी नातवाशी कॅच-कॅच खेळतो." तिसरी, जाळ्या-बिळ्या बांधायच्या. त्याने देखावा बिघडतो. चौथी, पाट्या लावायच्या. इथे मात्र सगळ्या कमिटीचे चेहरे उजळले. पाटी हा आपल्याकडे सर्व प्रश्नांवरचा सर्वमान्य तोडगा. चार मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला घोषवाक्यांच्या स्पर्धेचा मी वर्षानुवर्षं परीक्षक होतो. बक्षीस मिळालेली पाटी ज्या खिळ्याला टांगायची, तो ठोकताना दरवर्षी कुणाचा ना कुणाचा अंगठा चेचायचा. पाचवी पायरी हेल्मेट. "कुणाला?" असा प्रश्न आला आणि तो पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला.

बैठक संपल्यावर एकेक सभासद मला बाजूला घेऊ लागला. डॉक्टरसाहेब म्हणाले, पाटी लावाच, पण ती वकीलसाहेबांना दिसेल अशा ठिकाणी लावा. वकीलसाहेब म्हणाले, इथे खरा धोका एकच आणि तो म्हणजे डॉक्टर. सीएसाहेब म्हणाले, त्या दोघांना एका चौकडीत घालून गुरुवारी दुपारी खेळायला लावा, त्या वेळी मैदानात कुणी नसतं. मी ज्या ज्या माणसाला विचारलं, त्याच्या मते धोका मागून येणाऱ्या चौकडीत होता. मागच्या चौकडीला विचारायला गेलो तर धोका त्यांच्याही मागे होता. असं करत करत मी शेवटच्या चौकडीपाशी पोहोचलो. त्यांच्या मागे कुणीच नव्हतं. त्यांनी शेजारच्या होलकडे बोट दाखवलं.

प्रत्यक्ष पाहणीसाठी क्लबने मला एक वयस्क कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारे, दिले. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. माझ्या हातात पाच बाय पाचचा जोखीम-तक्ता, मामांच्या हातात वकीलसाहेबांची बॅग. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, वकीलसाहेब पवित्रा घेऊन उभे राहिले. मी सुरक्षित जागा म्हणून त्यांच्या मागे, डाव्या बाजूला, झाडाआड गेलो. मामा मात्र बॅग खाली ठेवून सरळ पुढे चालू लागले आणि फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध, निशाणाच्या अगदी रेषेत, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मामा, बाजूला व्हा!" मी ओरडलो.

"तुमीच हिकडं या सायेब," मामा तिथून म्हणाले. "वकीलसायेबांचा बॉल हितं कवाच येत न्हाई."

चेंडू उजवीकडे वळत वळत सुरूच्या झाडांत गेला. उजव्या हाताने खेळणाऱ्या बहुतेक हौशी लोकांचा चेंडू असाच उजवीकडे वळतो, हे जगभरच्या मैदानांचे नकाशे काढणाऱ्यांना माहीत असतं. मामांना मात्र प्रत्येक सभासदाचं स्वतंत्र शास्त्र अवगत होतं. डॉक्टरसाहेबांचा उजवीकडे, पण बायको माहेरी असेल तर सरळ. सीएसाहेबांचा मार्च महिन्यात कुठेही. कर्नलसाहेबांचा जमिनीलगत, म्हणून त्यांच्या वेळी पाय सांभाळायचे. बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांचा चेंडू जातच नाही, पण काठी सुटून येते. माझ्या तक्त्यात यातल्या कशालाही रकाना नव्हता. कारखान्यात आम्ही लाखो रुपये मोजून सल्लागार बोलवायचो, त्यांच्यापैकी एकानेही बॉयलरचा स्वभाव इतका ओळखलेला मला आठवत नाही.

चेंडू भलतीकडे चालला तर "फोर!" असं जोरात ओरडायचं, ही या खेळातली सगळ्यात जुनी सुरक्षा-यंत्रणा. फुकट आहे, वीज लागत नाही, देखभाल नाही. ती काम का करत नाही, हे समजायला मला बरेच दिवस सकाळी उठून तिथे उभं राहावं लागलं. फटका बसल्याबरोबर खेळणाऱ्याला चेंडू चुकलाय हे कळतं. पण ओरडायचं म्हणजे अर्ध्या मैदानाला ते स्वतःच्या तोंडाने कळवायचं! म्हणून तो थांबतो. चेंडू परत वळेल, झाडाला लागून आत येईल, वारा मदत करेल. मान तिरकी करून, एक पाय उचलून, सगळं अंग चेंडूला हव्या त्या दिशेला वाकवून तो विनवण्या करत राहतो. आशा सुटते तेव्हा चेंडू कुणाच्या तरी डोक्यावर पोहोचलेला असतो. मग जे बाहेर पडतं ते "फोर" नसतं, ते "सॉरी" असतं.

आणि समजा कुणी वेळेवर ओरडलंच, तर ऐकणाऱ्याने खाली बसून डोकं दोन्ही हातांनी झाकायचं असतं. आपल्या माणसांना ते जमायचं नाही. हाक आली की वर बघायचं, हे आपल्या रक्तात आहे. मी हाक मारून चाचणी घेतली. तिघे वर बघू लागले, एकाने "कुठे?" असं विचारलं आणि चौथा, त्याला वाटलं आपल्यालाच बोलावतायत, तो आवाजाच्या दिशेने चालत आला.

कमिटीला गांभीर्य पटावं म्हणून मी अहवालाला जगभरच्या दाखल्यांचं एक परिशिष्ट जोडलं. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी १९७० साली बॉब होपच्या स्पर्धेत आपल्याच जोडीदाराच्या, डग सँडर्ससारख्या नामवंत खेळाडूच्या, डोक्यात चेंडू घातला. पुढच्या वर्षी ते त्याच स्पर्धेत पुन्हा आले आणि पहिल्या दोन फटक्यांत तीन प्रेक्षकांना टिपलं. १९९५ साली तिथेच क्लिंटन, थोरले बुश आणि जेरल्ड फोर्ड असे आजी-माजी तीन राष्ट्राध्यक्ष एकत्र खेळले. बुशसाहेबांचा चेंडू एका बाईंच्या नाकावर बसून टाके पडले, फोर्डसाहेबांच्या चेंडूने आणखी एका बाईंच्या हातातून रक्त काढलं. राष्ट्राध्यक्षाला जगापासून वाचवायला बंदुकधाऱ्यांची फौज होती. जगाला राष्ट्राध्यक्षापासून वाचवायची व्यवस्था मात्र कुणीच केलेली नव्हती.

परिशिष्टाचा परिणाम झाला, पण उलटा. वाचून सीएसाहेबांची छाती फुगली. "म्हणजे आपण काही वाईट खेळत नाही," ते म्हणाले.

मी इतरही दाखले दिले होते. बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावर दोन धावपट्ट्यांच्या मधोमध अठरा होलचं मैदान आहे, विमान येत असलं की लाल दिवा लागतो आणि खेळाडू थांबतात. कोरियाच्या सीमेवर कँप बोनिफासला एका होलचं, १९२ यार्डांचं मैदान आहे, त्याच्या तीन बाजूंना भूसुरुंग पेरलेले आहेत. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या कारब्रूकच्या तळ्यात पुराबरोबर शार्क मासे आले आणि वर्षानुवर्षं राहिले. क्लबने घाबरण्याऐवजी शार्कला आपल्या बोधचिन्हात जागा दिली. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे लंडनजवळचा रिचमंड क्लब. १९४० साली जर्मन विमानं बॉम्ब टाकत असताना त्यांनी तात्पुरते नियम छापले : बॉम्बवर्षाव चालू असेल तर आडोशाला जायला हरकत नाही, त्याबद्दल दंड नाही. गवत कापायच्या यंत्राचं नुकसान होऊ नये म्हणून बॉम्बचे तुकडे वेचून ठेवावेत. आणि फटका मारताना नेमका स्फोट झाला तर चेंडू पुन्हा मारता येईल, मात्र एका स्ट्रोकचा दंड पडेल.

हा शेवटचा नियम वाचून कर्नलसाहेबांचे डोळे पाणावले. "याला म्हणतात क्लब!" ते म्हणाले. "आणि तुम्ही आम्हाला जाळ्या लावायला सांगताय."

तेवढ्यावर परिशिष्ट रद्द झालं असतं, पण वळवाचे दिवस आले. मे महिन्यात आपल्याकडे दुपारनंतर आभाळ भरतं, आणि मोकळ्या मैदानातला सगळ्यात उंच प्राणी म्हणजे हातात धातूची काठी धरलेला गोल्फर. मी पुण्याच्या आयआयटीएमचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप सेक्रेटरींच्या फोनवर घालून दिलं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही, हेही शिकवलं. भोंगा बसवला. स्पर्धांच्या संकेताप्रमाणे एक लांब भोंगा म्हणजे असाल तिथे ताबडतोब थांबा.

भोंग्याची पहिली चाचणी ऐतिहासिक झाली. मैदानावर एक माणूस हलला नाही, कारण शेजारच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा पाळी बदलायचा भोंगा हुबेहूब तसाच होता. तिकडे मात्र त्या कारखान्यातले सगळे कामगार डबे घेऊन बाहेर पडले. त्यांच्या मॅनेजरचा फोन आला. मी सेफ्टी ऑफिसर आहे हे कळल्यावर तो काय बोलला ते मी अहवालात घेतलेलं नाही.

खरा पाऊस आला तेव्हा चौघे जण मैदानातल्या एकुलत्या एका पिंपळाखाली मोठी छत्री उघडून उभे होते, आणि चार बॅगांमधल्या काठ्या आभाळाकडे तोंड करून छत्रीभोवती. विजेला याहून सविस्तर निमंत्रण पाठवता येत नाही. मी लांबून हातवारे केले. त्यांनीही हात हलवून मला छत्रीत बोलावलं.

"अहो, वीज पडेल!"

"दोनच होल राहिलेत!" उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना १९७५ सालच्या वेस्टर्न ओपनची गोष्ट सांगितली. शिकागोजवळ त्या स्पर्धेत ली ट्रेव्हिनो, जेरी हर्ड आणि बॉबी निकोल्स या तिघांनाही विजेने झोडपलं. नशिबाने तिघेही वाचले. ट्रेव्हिनो पुढे गमतीने सांगायचा की वीज चमकायला लागली तर एक नंबरची आयर्न वर धरावी, कारण ती काठी देवालाही नीट मारता येत नाही. चौघांनी फार मन लावून ऐकलं. संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन : क्लबच्या दुकानात एक नंबरच्या आयर्नची चौकशी का वाढली आहे?

सापांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं निघालं. गोल्फच्या नियमांत १६.२ नावाचं एक कलम आहे. चेंडू जिथे पडला तिथे विषारी साप, डंख मारणाऱ्या माश्या, मगर, अस्वल असा जिवावर बेतणारा प्राणी असेल, तर दंडाशिवाय चेंडू उचलून सुरक्षित जागी टाकता येतो. निवडुंगाला ही सवलत नाही. निवडुंगात चेंडू घालणाऱ्याविषयी नियम करणाऱ्यांना सहानुभूती नसावी. सातव्या होलजवळच्या झाडावर आग्यामोहोळ होतं, म्हणून मी हे कलम मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून टीजवळ लावलं. एवढं एकच सुरक्षा-कलम सभासदांनी तोंडपाठ केलं.

पंधरवड्यात मैदानावर साप माजले. नाग दिसले, घोणस दिसली, मण्यार दिसली. सर्पमित्राला बोलावलं. त्याने मैदान पालथं घातलं आणि त्याला एक धामण सापडली. ती बिनविषारी होती आणि घाबरलेली होती. मग मी साप दिसलेल्या जागा नकाशावर लाल टिंबांनी मांडल्या. फेअरवेवर एकही टिंब नव्हतं. सगळे साप झाडांच्या बुंध्याशी, खड्ड्यात, दाट गवतात, म्हणजे जिथून चेंडू मारणं अशक्य नेमक्या तिथेच वस्तीला होते. वकीलसाहेबांना तर एकाच फेरीत नाग, मण्यार आणि फुरसं अशी तीन दर्शनं घडली होती.

"फुरसं आहे हे कशावरून ओळखलंत?" मी विचारलं.

"अहो, माझा सातवा स्ट्रोक होता!"

गोल्फ कार्टबद्दल फार लिहीत नाही. तिला दार नाही, पट्टा नाही, आणि उतारावर वळताना बाहेर लोंबणारा पाय पहिल्यांदा सापडतो. हे सगळं मी छापून कार्टमध्ये चिकटवलं. रविवारी एका आजोबांचा नातू ती चालवत होता आणि आजोबा शेजारी बसून, पाय बाहेर सोडून, त्याला माझी सूचना मोठ्याने वाचून दाखवत होते.

मैदानाच्या पूर्वेला तीन टॉवर आहेत. तिथले फ्लॅट बिल्डरने 'गोल्फ व्ह्यू' म्हणून चौरस फुटामागे जास्त भाव लावून विकले. हा व्ह्यू अधूनमधून काच फोडून घरात येतो. सोसायटीबरोबर संयुक्त बैठक घेतली. रहिवाशांचं म्हणणं, क्लबने उंच जाळी बांधावी. जाळीचा नकाशा दाखवला तर म्हणाले, मग आमचा व्ह्यू जातो. जाळी हवी, पण दिसता कामा नये. मी सेक्रेटरींना इंग्लंडमधल्या सेंट ऑगस्टिन्स लिंक्सचा १९२२ सालचा खटला सांगितला : तेराव्या टीवरून मारलेला चेंडू रस्त्यावरच्या टॅक्सीच्या काचेवर आदळला, चालकाच्या डोळ्याला इजा झाली, आणि तिथे चेंडू वारंवार रस्त्यावर येत असल्यामुळे कोर्टाने क्लबला जबाबदार धरलं.

"तो इंग्लंडचा निकाल," सेक्रेटरी म्हणाले. "इथे कसा लागू होणार?"

ज्या क्लबात शर्टाला कॉलर असावी, चप्पल घालून बारमध्ये येऊ नये आणि मोबाइल टेबलावर ठेवू नये हे सगळे कायदे इंग्लंडहून आले आणि आजतागायत लागू आहेत, तिथे नेमका हाच बंदरावर अडकला.

टॉवरमध्ये एकच घर समाधानी निघालं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत पडलेले चेंडू गोळा करून तेलाच्या डब्यात ठेवतात आणि त्यांचा नातू ते क्लबच्या फाटकाशी डझनावर विकतो. "जाळी-बिळी काही बांधू नका हो," आजी मला म्हणाल्या. "पोराच्या क्लासची फी निघते. फक्त त्या डॉक्टरांना सांगा, चांगल्या कंपनीचे चेंडू वापरा म्हणावं. त्यांचे कुणी घेत नाही."

शेवटी अहवालाची बैठक भरली. आमच्या पद्धतीत प्रत्येक धोक्याला दोन आकडे द्यायचे, घडण्याची शक्यता एक ते पाच आणि घडलं तर नुकसान एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार पंधराच्या पुढे गेला की तांबडा रंग, कमी असेल तर पिवळा, अगदी कमी तर हिरवा. माझा तक्ता जवळजवळ सगळा तांबडा होता. मी तो टेबलावरून फिरायला दिला.

आयुष्यभर स्वतःच्या कार्डावर सातचे सहा आणि सहाचे पाच करण्याचा सराव असलेल्या मंडळींच्या हातात मी आकडे दिले होते. "शक्यता चार कशाला? तीन धरा." "तो कॅडी वाकला नव्हता, म्हणून लागला. तो मोजायचा नाही." "एक तर सरावाचा फटका होता." टेबलाला फेरी मारून तक्ता माझ्याकडे परत आला तेव्हा आमचं मैदान नाशिकच्या मैदानापेक्षाही सुरक्षित झालेलं होतं. फक्त पोर्चमधलं पार्किंग तांबडं राहिलं, कारण तिथे अध्यक्ष स्वतः बसले होते.

तरीही अहवाल वाया गेला असं म्हणता येणार नाही. पुढे ढकललेली पाचवी पायरी चर्चेला आली आणि हेल्मेट मंजूर झाली. सभासदांना नाही, कारण हेल्मेटने खांदे नीट वळत नाहीत. कॅडींना. पिवळीधमक, आयएसआय छापाची हेल्मेट आली, मामांच्या हस्ते नारळ फुटला, सेक्रेटरींनी फोटो काढला.

आठवड्याभरात लेखी तक्रारी आल्या. पट करताना, म्हणजे चेंडू हलकेच होलमध्ये ढकलताना, पिवळं हेल्मेट डोळ्यांच्या कोपऱ्यात चमकतं आणि एकाग्रता भंगते. डॉक्टरसाहेबांनी आपल्या हुकलेल्या सगळ्या पटांचं कारण म्हणून हेल्मेटचं नाव दिलं. कमिटीने तत्परतेने, कुठलीही चर्चा न करता, रंग बदलला. नवी हेल्मेट हिरवी आली, गवताशी रंग जुळवून, खास ऑर्डर देऊन.

मी पाहणीला गेलो तर फेअरवेवर कॅडी दिसेचनात. उन्हात, दोनशे यार्डांवरून, एखादं रोप हललं की समजायचं, तिथे कुणीतरी आहे. पहिल्या टीवर वकीलसाहेब पवित्रा घेऊन उभे होते. माझ्या बाजूचं एक हिरवं हेल्मेट वर झालं आणि त्याखाली मामा निघाले.

"काय मामा, कसं वाटतंय?"

"झकास हाय की सायेब," मामा हेल्मेट काढून माझ्या हातात देत म्हणाले. "पर पैलं आमी दिसत तरी व्हतो. सायेब लोक आमाला चुकवाया बघायचे, म्हून बॉल आमच्याकडं यायचा. आता दिसतच न्हाई, तर त्ये निशाणाकडं बघून मारत्यात." आणि वकीलसाहेबांची काठी वर जायच्या आत ते घाईघाईने निशाणाच्या रेषेकडे चालू लागले.